खुर्चीवरचा डाग

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या भिंतीला टेकून धुलाईघर आहे. दारातून आत शिरलं की पहिलं लागतं ते लांबलचक पत्र्याचं टेबल, आणि त्या टेबलाच्या डोक्याशी गेली एकतीस वर्षं एकच बाई उभी. वॉर्डावॉर्डातून उतरलेल्या चादरी आधी तिच्या हाताखालून जायच्या, मग यंत्रात. रक्ताची चादर गार पाण्याच्या ढिगात, औषधाची दुसऱ्या ढिगात, उलटीची तिसऱ्या. रक्ताची चादर चुकून कढत पाण्यात गेली की डाग जन्माचा बसतो, मग देवाच्या बापालाही निघत नाही. म्हणून हे काम डोळे असणाऱ्याचं. हिला डोळे होतेच, आणि डोळ्यांच्या वरताण नाक होतं. सगळं इस्पितळ तिला डागमावशी म्हणायचं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

एकदा पुरुषांच्या वॉर्डातली नर्स गाठोडं आपटत आली. म्हणाली, "मावशी, अकरा नंबरचा म्हातारा मुद्दाम अंथरुणात करतोय. बोललं तर डोळे वटारतो."

मावशीनं चादर पसरली. डागाच्या काठावरून बोट फिरवलं. "हे मुतलेलं नाही बाई, हे गळलेलं आहे."

"त्यात काय फरक?"

"जमीनअस्मानाचा. मुतलेल्याला धार असते आणि धारेला शेपूट असतं. हे बघ, गोल. कमरेखाली जागच्या जागी मुरलंय. म्हाताऱ्याला झोपेत पत्ताच नाही. त्याच्यावर खेकसू नकोस, डॉक्टरला सांग."

"आणि हे उशाकडचं?"

मावशीनं नाक लावलं. "हे सांडलेलं. चहा आहे. साखर जास्त. तुझाच."

नर्स लाल झाली. घड्या घालणारी बाई टेबलावर डोकं ठेवून हसली. "मावशी, तुम्ही पोलिसात हव्या होत्या."

"पोलिसात चादरी कुठं असतात?"

मुतलेलं, गळलेलं, सांडलेलं. मावशीच्या धंद्यातले हे तीन मोठे शब्द. तिचं म्हणणं, माणसं या तिन्हींना एकाच काठीनं हाकतात, आणि म्हणून भलत्यालाच बोलणी बसतात.

अशा बाईच्या घरात एक कुत्री होती. चिंधी तिचं नाव. फाडून फडकी करायला काढलेल्या जुन्या चादरींच्या ढिगात नऊ वर्षांपूर्वी सापडलेली, तेव्हा मुठीएवढी. आता बावीस किलोची, तांबूस, एक कान कायमचा दुमडलेला. वेळेवर ऑपरेशन करून तिची पिशवी काढून घेतली होती, त्यामुळं पिलांचं लटांबर नव्हतं. स्वच्छतेच्या बाबतीत तर सोवळी म्हणावी अशी. मागच्या दाराशी जाऊन एकदा भुंकायची, दार उघडलं की परसातल्या नाल्याशी जाऊन यायची. पाऊस असो, गारठा असो, घरात थेंब नाही. पण त्या वर्षी चिंधी निजून उठली की तिच्या पोटाखाली ताटलीएवढी ओल दिसायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसाढवळ्या डुलकी काढली तरी.

घरात माणसं चार. मावशी, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा मुलगा, सून, आणि आठ महिन्यांची नात, जी नुकती रांगायला लागली होती. गाडं अडलं ते इथंच.

"आई," सून म्हणाली, "पोरीला आता हातपाय फुटलेत. जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. मी दिवसातून किती वेळा फरशी पुसू?"

बोलणं खोटं नव्हतं. सून काही कैदाशीण नव्हती. कंबर मोडेपर्यंत पुसायची आणि मग बोलायची. मुलाचं म्हणाल तर बायको बोलली की तो मान हलवायचा आणि आई बोलली की तीच मान तशीच हलवायचा. मानेत हाडाच्या जागी स्प्रिंग बसवलेली.

मावशीनं पहिल्याच दिवशी ओल बघितली होती. गोल, जागच्या जागी, शेपूट नाही. "गळतंय," ती म्हणाली. "मुद्दाम करत नाही ती. आपण करू काहीतरी." पण काहीतरी म्हणजे काय, ते आज-उद्यावर ढकललं गेलं. चादरींचा ढीग काही थांबत नसतो.

आणि मग मंगळवारी संध्याकाळी खुर्ची ओली सापडली.

ती खुर्ची म्हणजे सुनेच्या माहेरची. गुबगुबीत, हिरव्या कापडाची, तिच्या वडलांनी पाठवलेली. सून तिच्यात बसून पोरीला पाजायची. त्या गादीच्या मधोमध तळहाताएवढा ओला डाग. सुनेनं आधी डाग बघितला, मग कोपऱ्यातली चिंधी बघितली. हातातलं ओलं फडकं तिनं कुत्रीच्या पाठीत हाणलं. चिंधी दुमडल्या कानानं टेबलाखाली गेली.

"बस्स झालं," सून म्हणाली. "रविवारी दादा येतोय. त्याला सांगते, वखारीत घेऊन जा. लाकडांना राखण होईल आणि मला उसंत."

सुनेच्या भावाची गावाबाहेर लाकडाची वखार. तिथं कुत्री म्हणजे उघड्यावर, साखळीला, पत्र्याच्या तुकड्याखाली. नऊ वर्षांची कुत्री, गुडघे धरलेली. मुलानं मान हलवली.

मावशी खुर्चीशी गेली. वाकली. डाग बघितला आणि तोंड मिटून घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं डाग वाचला आणि सांगितला नाही. कारण तो डाग चिंधीचा नव्हता. मावशीचा होता.

झालं होतं एवढंच, की दुपारी नातीला मांडीवर घेऊन ती त्या खुर्चीत बसली होती. पोरीनं आजीचं नाक मुठीत धरून ओढलं, आजीला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला आणि काम झालं. हे काही पहिल्यांदा नव्हतं. चार-पाच वर्षं चालू होतं. खोकला, शिंक, जड गाठोडं उचलणं. मावशी कामावर घडी केलेलं फडकं लावून जायची. दुसरा चहा तिनं सोडला होता, पाणी घोट-घोट प्यायची. जगाच्या चादरी वाचणारी बाई स्वतःची चादर मात्र सगळे उठायच्या आत धुऊन वाळत घालायची. त्या दिवशी पोर रडायला लागली, तिला उचलून फिरवण्यात खुर्ची राहून गेली.

खरं तर कुणी डोकं चालवलं असतं तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. चिंधीचे गुडघे वर्षभरापूर्वीच गेले होते. तिला उंबरा जड, ती खुर्चीवर काय चढते? पण ज्याच्यावर एकदा शिक्का बसला त्याची बाजू कोण ऐकतो! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर तिथंच उभा राहून मूग गिळत होता.

त्या संध्याकाळी मावशीला जेवण गेलं नाही. पण रडत बसायचा तिचा पिंड नव्हता. तिनं मनाशी हिशोब मांडला तो असा: रविवारच्या आत कुत्री कोरडी करून दाखवायची. कुत्री कोरडी झाली की सून निवळेल, सून निवळली की खुर्चीचा विषय आपोआप मिटेल. झाकली मूठ झाकलीच राहील.

आणि तिनं केलं काय? स्वतःवर जो उपाय चालवला होता तोच कुत्रीवर चालवला. बुधवारी सकाळी चिंधीचं पाण्याचं भांडं उचलून फळीवर ठेवलं. सकाळी दोन घोट, संध्याकाळी दोन घोट. वरून पाणी घातलंच नाही तर खालून गळेल कसं? चिंधी फळीकडं बघत बसायची. मग मोरीत जाऊन ओली फरशी चाटायची.

गुरुवारी डाग लहान झाला. मावशीची मान ताठ झाली. शुक्रवारी कुत्रीची रीतच बिघडली. घटकेघटकेला मागच्या दाराशी जायची, परसात बसायची, दोन थेंब टाकायची, परत यायची, परत जायची. एकदा तर दारापर्यंत पोचलीच नाही. सून नुसती बघत राहिली. मग फडकं आणून तेही पुसून काढलं.

मावशीनं चिंधीच्या अंथरुणाचं फडकं उचललं आणि उजेडात धरलं. डाग लहान होता खरा, पण गडद पिवळा, काठाशी तांबूस. नाक लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं. हा वास तिनं कुठंही ओळखला असता. पाणी तुटलेल्या पेशंटचा डाग. याच डागावरून तिनं किती नर्सांची खरडपट्टी काढली होती. 'पाणी पाजा त्या माणसाला, चादर वाचवायला निघालात आणि माणूस घालवाल!' असं ती टेबलावर हात आपटून सांगायची.

"अकलेचा कांदा आहे मी," ती मोठ्यानं म्हणाली. भांडं फळीवरून काढलं, काठोकाठ भरलं, खाली ठेवलं. चिंधी भांड्याचा तळ लागेपर्यंत प्यायली. मावशीनं परत भरलं. मग स्वतःसाठी पेला घेतला, तोही भरला आणि उभ्या उभ्या संपवला.

शनिवारी कामाला अर्धा दिवस. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, येताना ताजी लघवी घेऊन या. मावशीनं इस्पितळातून एक जुना, चंद्रकोरीसारखा वाकडा स्टीलचा ट्रे मागून आणला आणि परसात चिंधीच्या मागं मागं फिरायला लागली. चिंधी बसली की मावशी वाकायची, मावशी वाकली की चिंधी उठायची.

भिंतीपलीकडून शेजारणीनं डोकं काढलं. "काय शोधताय हो?"

"सोनं."

"सापडलं का?"

"तुम्ही डोकं आत घेतलंत तर सापडेल. तुमच्यापुढं ती लाजते."

सोनं सापडलं, चमचाभर. झाकणाच्या बाटलीत भरून मावशीनं ते खिशात ठेवलं. कुत्री चालेना आणि उचलवेना, म्हणून धुलाईघराची मोडीत काढलेली कपड्यांची ढकलगाडी आणली. मुलाला हाक मारली. "मान पुष्कळ हलवलीस. आता हात हलव. ढकल."

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण कोपरापर्यंत ओरखडे होते, म्हणजे काम केलेल्या. त्यांनी कुत्रीचं पोट दाबून बघितलं, बाटली आतल्या खोलीत तपासायला दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही मुतते की गळते?"

मावशीचे डोळे चमकले. आपली भाषा बोलणारं माणूस तिला आज भेटत होतं. "गळते. निजल्याजागी. डाग गोल, शेपूट नाही."

"वा. हे कुणी धड सांगत नाही. पिशवी काढलेल्या कुत्र्यांत असं होतं. वय झालं की लघवी अडवणारा स्नायू सैल पडतो. तिला त्यातलं काही कळत नाही, म्हणून रागवून उपयोग नाही. जागेपणी घरात कधी करते का?"

"कालच एकदा. दारापर्यंत पोचली नाही. पण ते मी पाणी तोडलं म्हणून."

"पाणी तोडलंत?" त्यांनी भुवया उचलल्या.

"तोडलं. चुकलं. पुन्हा नाही."

"बरं. त्याच्या आधी कधी?"

"नाही," मावशी म्हणाली.

"केलं की," मुलगा म्हणाला. नको तेव्हा त्याला वाचा फुटली. "मंगळवारी, दिवसा. खुर्चीवर चढून."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. "चढून? या गुडघ्यांनी? मग हे साधं गळणं नाही. जागेपणी, भलत्या जागी चढून करत असेल तर मला मूतखडा बघायला हवा, पोटाचा फोटो काढायला हवा, डोक्यातलं काही आहे का तेही बघायला हवं. गळण्याच्या गोळीनं रक्तदाब वाढतो, खात्री नसताना मी ती देत नाही." त्या कागदावर लिहायला लागल्या. खुर्ची, दिवसा, चढून.

मावशी त्या पेनाकडं बघत राहिली. तिला तिचं टेबल दिसलं. चुकीच्या ढिगात पडलेली चादर दिसली. एकदा कढत पाण्यात गेली की गेली.

"खुर्ची खोडा," ती म्हणाली.

"काय?"

"लिहिलंय ते खोडा. खुर्ची तिची नाही. माझी आहे."

"आई, खुर्ची माझ्या सासऱ्यांनी दिलीय," मुलगा म्हणाला.

"अरे गाढवा, डाग माझा आहे!"

मुलाची मान पहिल्यांदाच हलायची थांबली. डॉक्टरीणबाईंनी एक रेघ मारून ती ओळ खोडली आणि वर न बघता विचारलं, "खोकताना?"

"हसताना."

"किती वर्षं?"

"मी काय कुत्री आहे?"

"नाही. पण दुखणं एकाच घराण्यातलं आहे. तुमच्या इस्पितळात बायकांची डॉक्टर असेल की."

"आहे ना. तिच्या वॉर्डाच्या चादरी मीच बघते."

"मग तिलाही एकदा तुम्हाला बघू द्या."

तपासणीत लघवीत जंतू निघाले. गळतीमुळं आधीच शिरलेले असतील, पाणी तोडल्यानं त्यांचं फावलं. आधी त्यांचं औषध संपवायचं, मग गळण्याची गोळी, ती बहुतेक कायमची. पाणी हवं तेवढं. अंथरूण रोज बदलायचं आणि मागचं अंग धुऊन कोरडं करायचं, नाहीतर कातडी खराब होते. मावशीनं सगळं दोनदा विचारून घेतलं.

परतताना मुलगा गाडी ढकलत म्हणाला, "मी सांगू का तिला?"

"तू? तू सांगशील आणि ती विचारेल, तर मान हलवशील. राहू दे. ज्याचा डाग त्यानं सांगावा."

रविवारी सकाळी वखारवाला आला, उंच, मोठ्या आवाजाचा, हातात नवाकोरा दोर. चिंधी टेबलाखाली. तो गुडघ्यावर बसून तिला चुचकारायला लागला. सून पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिचाही चेहरा काही खुलला नव्हता.

मावशीनं हिरवी खुर्ची ओढत खोलीच्या मधोमध आणली आणि तीत बसली.

"आधी माझं ऐका, मग दोर बांधा. मंगळवारी ही खुर्ची चिंधीनं ओली केली नाही. मी केली. पोरीनं नाक ओढलं, मला हसू आलं आणि आवरलं नाही. असं मला चार-पाच वर्षं होतंय. त्या दिवशी मी बोलले नाही, कारण मला लाज वाटली. कुत्रीला वाटत नाही, म्हणून तिच्या नावावर खपवलं."

वखारवाला दोराकडं अशा निष्ठेनं बघायला लागला की जणू त्यावर काही छापलंय.

सून म्हणाली, "ती खुर्ची मी तीनदा घासली."

"माहितेय."

"चिंधीला फडक्यानं मारलं."

"बघत होते. बघून गप्प बसले." मावशी जागची हलली नाही. "गळते हे खरं. त्याचं औषध कालपासून सुरू आहे. तुझं पोर रांगतंय हेही खरं. फरशी आजपासून मी पुसणार, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. चिंधीची जागा मागच्या दाराशी, पोरीच्या वाटेपासून लांब. महिनाभर बघ. नाही जमलं तर मीच तिला वखारीत नेऊन सोडीन, आणि तुझ्या भावाला दोर आणायचीही गरज पडणार नाही."

सुनेनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. पोरगी तिच्या केसांशी खेळत होती. मग ती भावाकडं वळली. "दादा, गाडीत दुसरा दोर आहे का?"

"आहे की. कशाला?"

"आईंनाही न्यायचंय वखारीत."

वखारवाल्याच्या तोंडून हसू फुटलं ते भिंती हलतील असं. मुलगा हसला. मावशीही हसायला लागली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून ओरडली, "मला हसवू नका रे! खुर्ची माहेरची आहे तिच्या!"

दोर वखारवाला परत घेऊन गेला. पण महिना तो महिनाच, सुनेनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल काढून ठेवला.

मावशीनं काम धुलाईघरासारखंच लावलं. इस्पितळानं मोडीत काढलेलं रबरी कापड खाली, त्यावर विरलेली घोंगडी, त्यावर चादर. सकाळी उठून चादर उजेडात धरायची. जंतूंचं औषध संपेपर्यंत डाग पिवळ्याचा फिका झाला. गोळी सुरू झाल्यावर ताटलीची वाटी झाली, वाटीची टिकली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चादर कोरडी निघाली. दुसऱ्या दिवशी परत टिकली होती. मावशी नाउमेद झाली नाही. महिना भरला त्या दिवशी सुनेनं चादर स्वतः उचलली, मावशीसारखी उजेडात धरली, नाक लावलं, आणि कॅलेंडरचं पान उलटलं. नव्या पानावर गोल काढला नाही.

स्वतःच्या तपासणीचं मात्र मावशी रोज उद्यावर ढकलत होती. बायकांच्या वॉर्डापर्यंत जायची आणि चादरींचं गाठोडं घेऊन परत यायची.

एका सकाळी ती घरचे कपडे धूत होती. सुनेचा गाऊन हाताला लागला. सवयीनं बोट काठावरून फिरलं. मागच्या बाजूला लहानसा, गोल. शिंकेएवढा. सून बाळंतपणानंतर शिंकताना दाराची चौकट धरते, हे मावशीनं कितीदा बघितलं होतं आणि सवय असेल म्हणून सोडून दिलं होतं.

तिनं गाऊन धुतला, पिळला, दोरीवर टाकला. आत येऊन हात पुसत म्हणाली, "उद्या मी त्या बायकांच्या डॉक्टरकडं जाणार आहे. एकटीला संकोच वाटतो. तू चल."

"तुम्हाला? संकोच?" सून हसली. "आणि पोरीला कोण बघणार?"

"तिचा बाप. बसेल मान हलवत, ती गप्प राहील."

सुनेनं खिडकीतून परसाकडं बघितलं. दोरीवर चिंधीची चादर होती, तिच्या शेजारी मावशीची, आणि त्या पलीकडं गाऊन. ती बराच वेळ गाऊनकडं बघत होती.

"किती वाजता?" तिनं विचारलं.

"दहाला. आणि निघताना पाणी पिऊन घे. तपासायला लागतं."